एकशे अठरा नंबर

आलोशियस : म्हणजे कॉम्प्युटर आता औषधं बनवतो! चहापण करतो का? आमच्या एलिसाचे गुडघे दुखतात, तेवढीच मदत.

स्वप्ना : बनवत नाही, अंकल. अंदाज बांधतो. रेणूचा आकार बघून सांगतो, हा टीबीच्या जंतूला मारेल की नाही. मग आम्ही लॅबमध्ये हजार बनवण्याऐवजी दहाच बनवून बघतो.

आलोशियस : मी केळीचा कोंब बघून घड कसा येईल ते सांगतो. तसं?

स्वप्ना : सेम तसंच. पण तुम्ही ते शिकलात कसे?

आलोशियस : पुष्कळ घड वाया घालवून.

स्वप्ना : हेच तर! लोक जमलेलं तेवढंच छापतात. मग कॉम्प्युटरला वाटतं, सगळंच जमतं. त्याला नापास झालेलेपण दाखवावे लागतात. म्हणून तर मागच्या महिन्यात तुमच्या वह्या नेल्या.

आलोशियस : मग बरोबर घरी आलीस. दोनशे बारा रेणू. बनवायचो मी, तपासायचो मी, आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा नापास. आमची औषधांची कंपनी बंद झाली तेव्हा वह्या रद्दीत चालल्या होत्या. रिक्षात घालून इथे सांडोरला घरी आणल्या. लेस्टर हसायचा, म्हणायचा, पप्पा, हीच का तुमची पेन्शन? म्हटलं, पोरा, औषध नाही निघालं, पण आत एक आकडा खोटा नाही.

स्वप्ना : अंकल, मी त्याच्याबद्दलच आलेय.

आलोशियस : कशाबद्दल?

स्वप्ना : एकशे अठरा नंबर. कॉम्प्युटर बाकी सगळ्यांना तुमच्यासारखंच नापास म्हणतो. हा एकच, तो म्हणतो, पास व्हायला हवा होता.

आलोशियस : मग चुकला तुझा कॉम्प्युटर. चुकत नाही का तो?

स्वप्ना : चुकतो ना, खूपदा चुकतो. म्हणून मी त्याचं ऐकलं नाही, वही उघडली. प्रत्येक रेणूच्या तीन नळ्या, जंतू किती वाढले त्याचे तीन आकडे. एकशे सतराचे आहेत एक्केचाळीस, अडतीस, त्रेचाळीस. एकशे अठराचेपण एक्केचाळीस, अडतीस, त्रेचाळीस.

आलोशियस : येतात कधी सारखे.

स्वप्ना : तिन्ही? त्याच क्रमानं?

आलोशियस : तू बी.एस्सी.ला होतीस कुठे? मी तुझ्या जन्माआधीपासून नळ्या मोजतोय.

(एलिसा चहा घेऊन येते.)

एलिसा : काय हो, पोरीवर ओरडताय कशाला? ती आचोळ्याहून दोन रिक्षा बदलून आली. घे बाय, चहा घे. कसल्या नळ्या?

स्वप्ना : काही नाही आंटी. जुनं पान आहे. एकतीस मार्च एकोणीसशे चौऱ्याण्णव, गुरुवार.

एलिसा : चौऱ्याण्णव? गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी?

आलोशियस : एलिसा, बिस्किटं आण.

एलिसा : तो तर सुकेळीचा दिवस! ईस्टरनंतर माझ्या बहिणीचं, लिडियाचं लग्न. पाच दिवस राजेळी केळी सोलून उन्हात सुकत घातलेली, आणि अचानक हे काळं आभाळ. लेस्टर मांडीवर, तापानं फणफणलेला. मी एकटी. आणि बघते तर हे फाटकातून सायकल टाकून धावतायत. तीन वाजता! म्हणाले, साहेबांनी सोडलं.

स्वप्ना : सोडलं होतं, अंकल?

आलोशियस : साहेब जागेवर नव्हतेच.

एलिसा : म्हणजे तुम्ही मला...

आलोशियस : हो, खोटं बोललो. तुझ्याशी आणि वहीशीही. एकशे सतराच्या नळ्या मोजून झाल्या, खिडकीतून आभाळ दिसलं. म्हटलं, शेजारचा नापास, हाही होणार. दोघांत फरक तो केवढासा! तेच आकडे उतरवले आणि निघालो. सोमवारी जाऊन मोजणार होतो गं. सोमवारी नळ्या धुऊन ठेवलेल्या.

स्वप्ना : आणि सुकेळी?

एलिसा : भिजली सगळी. हे स्टेशनावर उतरेपर्यंतच पाऊस सुरू झाला होता.

आलोशियस : माझा धाकटा भाऊ व्हिव्हियन टीबीनं गेला. म्हणून मी त्या कामाला लागलो होतो, स्वप्ना. पगार तर दुसरीकडे जास्त होता. मला एक खरं सांग. तो रेणू... औषध झाला असता?

स्वप्ना : बहुतेक नाही, अंकल. नळीत जंतू मेले तरी माणसाला चालेलच असं नसतं. हजारोंतून एखादा पोहोचतो.

आलोशियस : बहुतेक.

स्वप्ना : हो. नक्की कुणालाच माहीत नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, एक पान खोटं निघालं तर सगळ्या वह्या बाद करू. मी म्हटलं, आधी त्यांना विचारून येते. तुम्ही 'येतात सारखे' म्हणून मला घालवलं असतं, तर मीच बाद केल्या असत्या.

आलोशियस : आणि आता?

स्वप्ना : आता बाकीच्या दोनशे अकरा पानांवर माझा विश्वास आहे. मॅडमना मी तेच सांगेन, पुढे त्या ठरवतील. फक्त एक विचारायचंय. एकशे अठरा कसा बनवायचा, ती कृती? तीपण घाईत लिहिली?

आलोशियस : कृती महिनाभर आधीची. चमचाभर पावडर हातात आली होती, पिवळसर. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

स्वप्ना : मग परत बनवता येईल.

आलोशियस : वही आणलीस? दे इकडे. पेन दे.

स्वप्ना : अंकल, खोडू नका हं.

आलोशियस : मला शिकवतेस? लॅबच्या वहीत खोडत नाहीत. एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला कारण, सही, तारीख. एलिसा, माझा चष्मा?

एलिसा : कपाळावर आहे.

आलोशियस : 'नळ्या मोजल्या नाहीत.' कारण... तब्येत बरी नव्हती, असं लिहू?

एलिसा : परत?

आलोशियस : बरं बाई. 'सुकेळी भिजत होती.' घे, झाली सही. तुझ्या मॅडम हसतील.

स्वप्ना : हसू देत. बनवायला दोनेक महिने लागतील, अंकल. मग जंतूंबरोबर तीन आठवडे. निकाल आला की मी फोन करते.

आलोशियस : निकालाचा फोन नको. मोजायच्या दिवशी बोलव. माझ्या तीन नळ्या बघायच्या राहिल्यात.