फोटोनंतर बंद पडलेला वर्ग

प्राचार्य महोदय, मॅडमच्या थोरल्या बहीण अक्का, आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही सगळे अहिरे मॅडमच्या शोकसभेला आलात. मला यादीत तिसरं नाव दिलंय, पण मी काय बोलावं हे मला अजून कळत नाही. चांगलं बोलणारे बरेच आहेत. मी माझी चूक सांगतो.

अहिरे मॅडम सकाळी साडेसातला रसायनशास्त्राचा जादा वर्ग घ्यायच्या. सोनगीर, नरडाण्याच्या मुली पहिली गाडी पकडून यायच्या. पहिल्या वर्षी नापास झालेल्या. पगारात या वर्गाचा एक पैसा नव्हता.

तपासणी समिती येणार होती आणि गुणवत्ता कक्षाचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक उपक्रमाचा बॅनरसह फोटो हवा, असा नियम. मी मॅडमकडे फोटो मागितला. त्या म्हणाल्या, "सर, पोरी माझ्याकडे चुकायला येतात. चुकतानाचा फोटो कशाला?"

मला राग आला. मी नोटीस काढली. मग फोटोवाला पाठवला आणि बॅनरही पाठवला. त्यावर लिहिलं होतं, 'मंदगती विद्यार्थ्यांसाठी विशेष वर्ग'. फाइलमधला शब्दच तो होता, मी जसाच्या तसा उचलला.

एका मुलीने मॅडमना अहिराणीत विचारलं म्हणे, "मॅडम, मी मंद शे का?" दुसऱ्या दिवशी तिघीच आल्या. त्या आठवड्यात वर्ग संपला.

तपासणी नको, असं मी म्हणत नाही. नुसते कागदावर वर्ग घेणारे आपल्यातही होते, म्हणून तर पुरावे मागायची वेळ आली. पण मॅडमचा वर्ग माझ्या खोलीच्या एक जिना खाली भरायचा. एक जिना! एकदा उतरून मागच्या बाकावर बसलो असतो, तर याहून मोठा पुरावा कुठला होता? मी उतरलो नाही. मी फोटो मागितला.

समितीला तो फोटो आवडला. फाइलमध्ये मी लिहिलं, 'वर्ग नियमित सुरू'. खाली माझी सही आहे. कुणी विचारलं नाही. मॅडमनीही नाही. त्या भेटल्या की चहा घेता का, एवढंच विचारायच्या, आणि मी घाईत आहे म्हणायचो.

त्यातल्या किती मुली पुढे शिकल्या, मला माहीत नाही. मी कधी शोधलं नाही.

मॅडम, ती ओळ खोटी होती. हे तुमच्यासमोर बोलायचं होतं. उशीर झाला.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणीही फोटो काढू नका.