टोकियोच्या विमानतळावरची मिठाई

तुम्हाला खोटं वाटेल, पण सगळा जपान पाहून झाला तरी मला खरा धक्का बसला तो परत येताना, टोकियोच्या विमानतळावर. एकसष्ट साली तिकडची शेती बघायला आम्ही दोघं गेलो होतो, मी अकोल्याचा आणि सोबत तेल्हाऱ्याचे बापूराव. विमानाला वेळ होता, म्हणून दुकानं पाहत हिंडत होतो. एका म्हाताऱ्या जपानी दुकानदारानं तांदळाची मिठाई चाखायला दिली. बापूरावांनी ती तोंडात टाकली आणि मला म्हणाले, "हे का मिठाई व्हय? कागद चिकटवाची खळ हाय! अन् हा बुढा काहून हासून राहिला?"

म्हातारा म्हणाला, "तुमचं बोलनं आयकून हासून राहिलो, भाऊ."

बापूरावांचा घासच अडकला. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मग कळलं, महायुद्धाच्या आधी हा माणूस कापूस खरेदीसाठी आठ वर्षं अकोल्यात राहिला होता.

बापूरावांनी हात जोडले. "चुकलं जी. आता तोंड नाही उघडत."

म्हातारा घाईघाईनं गल्ल्यामागून बाहेर आला आणि त्यानं बापूरावांचे दोन्ही हात धरले.

"असं नोका करू. वीस वर्सं झाले, हे बोलनं कानावर नाही पडलं. विमान सुटेस्तोर बोला. शिव्या द्या, पन बोला."