शुभ सकाळवाला विश्वंभर

मंडळी, जरा सरका, पोरांना पुढं येऊ द्या. पोरं मागं बसली की झोपतात आणि मोठी माणसं पुढं बसली की झोपतात. तेव्हा पोरंच पुढं बरी, निदान एक रांग तरी जागी राहील! पेटीवाले, सूर हळू धरा. देवाला नमस्कार करून झाला, आता थोडं माणसांविषयी बोलू.

आजचा प्रश्न साधा आहे. समजा, तुमच्या हातून लोणच्याची बरणी फुटली. ही बातमी पहिल्यांदा कोणाला सांगायची? जिचं लोणचं गेलं तिला, की ज्याच्याकडून आज काहीतरी मिळायचं आहे त्याला?

काय म्हणालीस बाळ? मोठ्यानं सांग. "कोणालाच नाही."

शाबास! खरं बोललीस. मोठी माणसंसुद्धा हेच करतात, फक्त ती त्याला धोरण म्हणतात. मंडळी, हसू नका. या धोरणापायी एका भल्या माणसाची भर सभेत काय गत झाली, ते आज ऐका.

बार्शीत विश्वंभर मोटे नावाचा एक तरुण होता. शिकलेला, हुशार, बोलायला गोड. त्यानं एक डबी बनवली. पोरांनो, घरातला फ्रिज उघडा ठेवून तुम्ही आत बघत उभे राहता आणि आई ओरडते, दार लाव! तो फ्रिज खोलीएवढा मोठा असला की झाली थंड खोली. त्या खोलीत विश्वंभरची डबी बसवायची. खोली तापायला लागली की डबी आपली आपण मालकाला फोन करायची आणि निरोपही पाठवायची. मालकानं उचलला नाही, तर विश्वंभरला करायची. आहे की नाही गंमत? आपल्या घरात माणसं बोलत नाहीत आणि याची डबी बोलते!

त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भूमकडच्या माळेवाडीतला बायकांचा खव्याचा संघ. म्हशी त्यांच्या, भट्ट्या त्यांच्या, खवाही त्यांचाच. संघाच्या पुढारी अनुसयाबाई गपाट, सगळ्यांच्या आक्का. डबी कशी असते हे तालुक्यात कोणी पाहिलं नव्हतं, तेव्हा आक्कांनी ती घेतली. डबीवर त्यांचा फार विश्वास होता असं नाही. पण हे पोरगं रोज संध्याकाळी स्वतः फोन करून, खोली बरी आहे ना, असं विचारायचं. त्या पोरावर त्यांचा विश्वास बसला. त्यांच्या शब्दावर आणखी गिऱ्हाइकं आली. द्राक्षवाले आले, दूधवाले आले, आइस्क्रीमवाले आले. कंपनी वाढली.

आता वाढलेल्या कंपनीचं काय होतं? पोट सुटतं आणि सल्लागार लागतो!

सल्लागार आला पुण्याहून. निशांत सर. माणूस वाईट नव्हता हं, सांगत होता त्यात तथ्यही होतं. त्यानं सांगितलं, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर रोज राहा आणि रोज नव्या ओळखी करा. बरोबरच आहे. देवसुद्धा रोज दर्शन देतो म्हणून टिकलाय! पण पुढं तो म्हणाला, कंपनीचा नंबर एकच ठेवा. इशारा त्याच नंबरावरून, शुभेच्छा त्याच नंबरावरून, म्हणजे नाव लोकांच्या मनात ठसेल.

आणि ठसलं की! सकाळी उठलं की गुलाबाचं फूल, शुभ सकाळ. दुपारी यशाचं रहस्य. एकादशीला उपवासाच्या शुभेच्छा, उपवास सुटला की उपवास सुटल्याच्या शुभेच्छा. जागतिक हात धुवा दिन! विश्वंभरच्या वाढदिवसाला तर विश्वंभरनंच सगळ्यांना कळवलं की आज विश्वंभरला शुभेच्छा द्या. आक्कांनी एकदा सौम्यपणे सांगून पाहिलं, अरे, हात शेणात असतात, फोन वाजतो, धुऊन पुसून बघावं तर गुलाब. विश्वंभर हसला. त्याला वाटलं आक्का कौतुकच करताहेत. शेवटी आक्कांनी त्या नंबराचा आवाज बंद करून टाकला. संघातल्या बाकीच्या बायकांनीही केला. द्राक्षवाल्यांनी तर कधीच केला होता.

विश्वंभरला हे कुठलं कळायला? त्याच्या संगणकावर दिसायचं, निरोप पोहोचला. झालं, पोहोचला म्हणजे ऐकला! पोरांनो, तुमची आई हाक मारते, ती तुमच्या कानापर्यंत पोहोचते ना? मग तुम्ही येता का?

आणि ओळखींचं काय विचारता! आठवड्याला हॉटेलात नाश्त्याची बैठक. सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या पट्ट्या. एका हातात इडली, दुसऱ्या हातात आपलं कार्ड. तिथं प्रत्येक जण विकायला आलेला, घ्यायला कोणीच नाही. विमावाला विमावाल्याला विमा विकतोय! दिलशाद मुलाणी नावाची एक इंजिनिअर बाई तिथं यायची. तिचाही धंदा हाच, पण डबी निराळी. खोली तापली की तिची डबी नुसती भोंगा वाजवायची आणि तिचा जवळचा कारागीर धावत यायचा. निशांत सरांनी विश्वंभरला बजावलं होतं, प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर बसायचं नाही. मग दिलशाद दिसली की विश्वंभर इडली घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचा. सांबार मात्र विसरायचा. असो.

तर मंडळी, एका उद्योजक मंडळानं विश्वंभरला पुरस्कार जाहीर केला. कशाबद्दल असेल? गिऱ्हाइकांशी उत्तम संवाद ठेवल्याबद्दल!

पुण्याचे देवस्थळे साहेब पाहुणे म्हणून येणार होते. ते नव्या कंपन्यांत भांडवल घालायचे आणि विश्वंभरच्या कंपनीत घालायचं की नाही, हे कार्यक्रम बघून ठरवणार होते. निशांत सर म्हणाले, साहेबांना सभागृहात समाधानी गिऱ्हाइकं दिसली पाहिजेत. म्हणून विश्वंभरनं माळेवाडीला टेम्पो पाठवला. दसरा तोंडावर आलेला, पेढेवाल्यांच्या मागणीचा सगळा खवा खोलीत भरलेला. आक्का म्हणाल्या, एक-दोघी मागं थांबतात. विश्वंभर म्हणाला, "आक्का, डबी आहे ना. सगळ्या या, खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्यात."

समजलं का काय झालं? राखण करणाऱ्या सगळ्या बायका, राखण किती छान होते याला टाळ्या वाजवायला गेल्या!

सभागृह गार होतं. निवेदिकेनं सगळ्यांना फोन मुके करायला लावले. विश्वंभर मंचावर चढला. गळ्यात हार, हातात चांदीच्या रंगाची ढाल. निशांत सर समोर खाली उभे राहून विश्वंभरच्याच फोनवर त्याचं चित्रण करत होते. विश्वंभरनं भाषण सुरू केलं. गिऱ्हाईक हे आमचं कुटुंब आहे, वगैरे. पाठ छान झालं होतं.

बोलता बोलता त्याला दिसलं की निशांत सरांचा अंगठा पुन्हा पुन्हा फोनवरून फिरतोय. चित्रणात फोन यायचा आणि सर तो कापायचे. पुन्हा यायचा, पुन्हा कापायचे. प्रत्येक वेळी सरांच्या चेहऱ्यावर लाल उजेड पडायचा आणि जायचा.

डबीच्या फोनासाठी तो लाल रंग विश्वंभरनंच निवडला होता. खोली तापते तेव्हाच तो दिसायचा, एरवी नाही.

त्याचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. त्याला वाटलं, कोणाची खोली असेल? त्यानं बायकांच्या रांगेकडं पाहिलं. आक्का मांडीवर पिशवी घेऊन ऐकत होत्या. बाकीच्या बायका टाळीची वेळ कधी येते याकडं डोळे लावून बसल्या होत्या. कोणाचाही हात पिशवीत जात नव्हता. त्यानं सरांना खूण केली. सरांनी पडद्यावरचं नाव पाहिलं, चटकन आक्कांकडं पाहिलं, आणि तळहात हलवून सांगितलं, नंतर. मग डोळ्यांनीच पहिली रांग दाखवली. तिथं देवस्थळे साहेब बसले होते आणि त्यांच्या मांडीवर उघडी वही होती.

मंडळी, इथं थांबू. विश्वंभरच्या जागी स्वतःला उभं करा. भाषण थोडंच राहिलंय. ते संपवायचं, साहेबांशी हात मिळवायचा, मग आक्कांना कोपऱ्यात घेऊन हळूच सांगायचं. कदाचित वीज गेली असेल, तेवढ्यात येईलही. खवा काही लगेच नासत नाही. कोणाला कळणारही नाही. वाईट आहे का हा विचार? खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात हाच आला असता!

विश्वंभरच्याही मनात आला. त्यानं ढालीकडं पाहिलं. तिच्यावर 'संवाद' हा शब्द कोरलेला होता. मग तो माईकवरच म्हणाला, "आक्का, तुमची खोली तापतीय. डबीनं तुम्हाला फोन केला, तुमचे फोन मुके आहेत. मला केला, तो आम्ही कापला. तिथं कोणी आहे का?"

आक्का उठल्या. म्हणाल्या, "कोण असणार? सगळ्या तर इथं आणल्यास."

आता गंमत बघा. या माणसाकडं कार्डांनी भरलेलं कपाट होतं. आमदारांचे सचिव ओळखीचे, बँकांचे साहेब ओळखीचे. पण माळेवाडीच्या जवळपास राहणारा, हातात पाना धरता येणारा एक माणूस त्याला ठाऊक नव्हता. तो माईक धरून उभा राहिला आणि त्याला एकही नाव आठवेना.

मागच्या रांगेतून दिलशाद मुलाणी उठली. पुरस्काराच्या यादीत तिचंही नाव होतं, मिळाला नव्हता. विश्वंभरला वाटलं, आता ही भर सभेत आपली चामडी सोलणार. ती सरळ आक्कांकडं गेली आणि तिनं विचारलं, जनरेटर कुठं आहे, किल्ली कुठं आहे. तिचा कारागीर शेजारच्याच गावात कामावर होता. तिनं फोन लावला, किल्लीची जागा आक्कांनाच सांगायला लावली.

विश्वंभर मंचावरून उतरून तिच्याजवळ आला. तुमचे उपकार कसे फेडू, असं काहीतरी बोलायला लागला. ती म्हणाली, "खवा तुझा आहे का? आक्कांचा आहे. मध्ये येऊ नकोस."

देवस्थळे साहेबांनी वही मिटली. त्यांनी विश्वंभरला विचारलं, असं तुमच्याकडं नेहमी होतं का?

"झालं असलं तरी आम्हाला कळलं नसेल," विश्वंभर म्हणाला. "आज कळलं."

तुम्हाला वाटलं असेल, या खरेपणावर साहेब खूश झाले आणि त्यांनी थैली मोकळी केली. नाही हो! सिनेमा आहे का हा? साहेबांनी दिलशादचं कार्ड मागून घेतलं आणि ते चहा घ्यायला गेले. निशांत सर त्यांच्यामागून गेले. खरं बोलल्याचं बक्षीस लगेच मिळत असतं, तर देवळात इतकी गर्दी कशाला झाली असती?

विश्वंभर सरांकडून आपला फोन घेऊन टेम्पोत बायकांबरोबर बसला. हार गळ्यातच होता, काढायचं सुचलं नव्हतं. वाटेत कारागिराचा फोन आला. वीज गेली होती, जनरेटर आपोआप सुरू झाला नव्हता. त्यानं तो हातानं सुरू केला होता. आतला खवा वाचला. दाराजवळच्या खव्याला वास येत होता, तो गेला.

दाराजवळचा खवा कोणाचा होता हे सगळ्यांना माहीत होतं. ज्यांच्या घरी एकच म्हैस, त्यांचा. त्या उशिरा येतात आणि दाराशी ठेवतात. त्यातली एक, कमल वारे, विश्वंभरच्या समोरच बसली होती. तो तिच्याकडं बघत म्हणाला, "तुमचा खवा मी भरून देतो."

"ते तर देशीलच," कमल म्हणाली. "पण पेढेवाल्याला मी काय सांगू?"

त्यानं त्याच्याकडंही स्वतः जायचं कबूल केलं. मग तो आक्कांकडं वळला आणि त्यानं विचारलं, आता डबी काढून टाकणार का.

आक्का म्हणाल्या, "आमचं आम्ही बघू. बाकीच्यांना कोण सांगणार? तेही तुझ्या डबीच्या जिवावर बाहेर गेलेले असतील."

हे सांगायचं म्हणजे आपल्याच हातानं आपली गिऱ्हाइकं पळवून लावायची! तरी त्यानं फोन काढला. कंपनीच्या त्याच नंबरावरून पहिल्या द्राक्षवाल्याला लावला. उचलला नाही. दुसऱ्याला लावला, उचलला नाही. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की आपला आवाज गावोगावी बंद पडलाय, आणि तो बंद पाडायला आपणच माणूस नेमला होता.

आक्कांनी आपला फोन पुढं केला. "माझ्यावरून लाव. माझा उचलतात."

आणि मंडळी, त्या हलत्या टेम्पोत, गळ्यात हार घातलेला तो माणूस आपल्या गिऱ्हाइकाच्या फोनवरून एकेकाला सांगत गेला. मी विश्वंभर मोटे. आज आमची डबी वाजली आणि कोणालाच ऐकू आली नाही. तुमच्याकडंही तसंच होईल. आमच्या नंबराचा आवाज आत्ता सुरू करा, आणि खोलीपाशी माणूस ठेवा. गुलाब उद्यापासून बंद. एकानं शिव्या घातल्या. त्यानं ऐकून घेतल्या. एकानं डबी काढून न्यायला सांगितलं. एक आइस्क्रीमवाला मात्र म्हणाला, बरं झालं सांगितलंस, मी आत्ता लग्नाच्या मांडवात आहे, निघतो. माळेवाडी आली, बायका उतरून खोलीकडं धावल्या, तरी हा टेम्पोतच बसून पुढचा नंबर लावत होता. आक्का फोन मागायला परत आल्या नाहीत.

झालं आख्यान. आता तुमच्याकडं वळतो. तुमची डबी नसेल, खवा नसेल. पण तुमच्यापैकी प्रत्येकाला एक फोन करायचा राहिलाय. कोणाला, ते मला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे. आत्ता मान खाली गेली ना, तोच! ज्याचं नुकसान होणार आहे त्याला अजून कळलेलं नाही, आणि तुम्ही रोज त्याला गोड गोड बोलताय. प्रसाद कुठं पळत नाही. तुम्ही बाहेर पायरीवर जा आणि आधी तो फोन करा. लाज वाटते? वाटू द्या. तोवर आम्ही आत देवाचं नाव इतक्या मोठ्यानं घेतो की तुम्ही काय बोललात ते शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही. पोरांनो, टाळ्या तुम्ही धरा. मृदंगवाले, वाजवा जोरात!