घरी राहणाऱ्याचा नंबर

समुद्रातल्या बोटीच्या सहलीच्या बुकिंगचं सांगतो. नांदेडच्या आमच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात हदगावचे काका-काकू आले.

काकू म्हणाल्या, "डॉक्टर म्हणले, जरा फिरून या. बोटीत जीव रमंल का?"

"पहिल्यांदा दोनच रात्रींची घ्या," मी म्हणालो. "रमला तर पुढं मोठी."

फॉर्मवर अडीअडचणीसाठी घरी राहणाऱ्याचा नंबर लागतो. काकांनी मुलाचा लिहिला. मिस्ड कॉल देऊन नंबर तपासायची आमची पद्धत. मी लावला, तर काकूंच्या पिशवीत फोन वाजला.

"पोरगा फोन विसरला वाटतं," मी हसत म्हणालो.

"पोळ्याच्या आधीच वारला तो," काका म्हणाले. "सवयीनं लिहिलं. ही अजून रिचार्ज मारती."

फोन पिशवीतून काढून रिंग थांबेपर्यंत काकू त्याच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी दुसरं कोणी न्हाई, बाबा. तुझाच नंबर लिही."