फुलीवरची सही

मी मूळची खेडची, वडील कोर्टाबाहेर टायपिंगला बसायचे, म्हणजे काय सांगू तुम्हाला, काळा कोट मी चालायला लागल्यापासून बघतेय. आठ वर्षं वकिली केली, मग बारा वर्षं सरकारी वकील होते, भल्याभल्यांची बोबडी वळायची माझ्यापुढे, आणि आज? नवऱ्याला सौदीत अल-खोबरला नोकरी लागली म्हणून मागोमाग आले, तर माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, छापलंय काय, तर काम करायला परवानगी नाही. संताप येतो हो, अजून येतो.

पण आपली माणसं कागद घेऊन येतातच. गेल्या वर्षी रेश्मा आली, आमच्याच तालुक्यातली नर्स, हफ्र अल बातिनहून एवढ्या लांब बसने. सलग दोन-दोन पाळ्या लावतात म्हणून तिने हॉस्पिटलात तक्रार केलेली, तो राग होता वरच्यांना. हिने रजा मागितली तर अरबी कागद पुढे केला, रजेचा अर्ज आहे, यल्ला, चल लवकर, सही कर म्हणाले, आणि हिने केली. मग कुणाकडून तरी वाचून घेतला तर राजीनामा! स्वखुशीने दिलेला! मी पेटलेच. तक्रार लिहिली, लेबर ऑफिसात तिची मावशी म्हणून बरोबर गेले, कारण वकील म्हणायची सोय नाही, तर तिथला साहेब एकच विचारतो, सही तुझीच ना? ती हो म्हणाली. खलास.

परत येताना गाडीत मी तिच्यावरच तोंड सोडलं, शिकलेली मुलगी तू, न वाचता सही करतेस कशी, अक्कल गहाण टाकलीस का? तिने सगळं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, मॅडम, माझ्या बाबांची बांधाची केस तुमच्याकडेच होती, तुम्ही कोऱ्या वकीलपत्रावर पेन्सिलीने फुल्या मारून द्यायचात, बाबा विचारायचे काय लिहिणार, तर तुम्ही म्हणायचात, काका, फुली आहे तिथे सही करा, बाकी मी बघते. बाबांनी आम्हाला तेच शिकवलं, मोठ्या माणसाने कागद दिला की उलट विचारायचं नाही.

खोटं नव्हतं. सगळेच वकील करायचे, मीही करायचे, आणि त्यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही, याचा राग त्या हॉस्पिटलवाल्यांपेक्षा जास्त येतो मला.

तिला नोकरी सोडून गावी परत जावं लागलंच. दम्मामच्या विमानतळावर नमस्काराला वाकली, मी मागे सरकले, म्हटलं नको गं, सुखात राहा, पण माझ्या पाया पडू नकोस. आता कुणी कागद आणला की मी ओळ न् ओळ मोठ्याने वाचून दाखवते. कंटाळतात, घड्याळ बघतात, म्हणतात, मॅडम, तुम्ही फक्त सांगा कुठे सही करायची. मग मी ओरडते. म्हणते, बस खाली, आणि ऐक.