एक्क्याऐंशी दालनांचा नकाशा

नाही, सत्त्याऐंशी नाही. ते आधी खोडा. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, एप्रिल महिना, चैत्र संपत आलेला, आणि केजचा उन्हाळा – तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला तो सांगून कळायचा नाही. करिष्मा नाव म्हणालात ना? जुन्या संगणकी खेळांवर पुस्तक लिहिता आहात, चांगलं आहे. पण साल चुकलं की पुढचं सगळंच चुकतं. मी जुनी मॅट्रिक आहे, सहासष्ट सालची, गणितात शंभरात त्र्याण्णव. मला असं खपत नाही. – बसा ना. सुग्रीवभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, तहसील कचेरीत गेले आहेत, येतील अर्ध्या तासात. तोवर विचारायचं ते मला विचारा. त्या वर्षी मी घरातच होते. मी घरातच असते.

यंत्र भाऊजींनी औरंगाबादहून आणलं, पॉलिटेक्निकमधल्या मित्राकडून. यंत्र म्हणजे काय, तर कळांची एक चपटी पेटी. ती टीव्हीला जोडायची, मग टेपरेकॉर्डरला जोडायची, खेळाची कॅसेट घालायची, आणि पाच मिनिटं – पूर्ण पाच मिनिटं, मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे – रातकिडे चरकात घातल्यासारखा आवाज ऐकत बसायचं. सासूबाई माजघरातून ओरडायच्या, "सुग्र्या, बंद कर रं ते! म्हस पान्हा चोरंल की त्या आवाजानं!" आणि खेळ तरी किती – विटा फोडणारा चेंडू, शेपूट वाढत जाणारा साप, शिड्या चढणारा माणूस – ते पोरखेळ होते. खरा खेळ एकच, भुयाराचा. तांदळाच्या दाण्याएवढा माणूस, एक्क्याऐंशी दालनं, प्रत्येक दालनाला दारं – काही खरी, काही नुसती दिसायला दारं. तीन जीव मिळायचे. बाहेर पडायची वाट एकच.

नकाशा? हो, त्या इंग्रजी मासिकात छापून आला तोच. भाऊजींच्या क्लासात चौकटीत लावला आहे, तुम्ही पाहिलाच असेल. आणि शेजारी टीव्हीच्या पडद्याचा फोटो, खेळ जिंकल्याची पाटी आणि खाली 'सुग्रीव' असं इंग्रजीत. – चौकटीच्या वहीवर का काढला? कारण वीज जायची. खेळ जपून ठेवायची सोय त्यात नव्हती. वीज गेली की माणूस पुन्हा पहिल्या दालनात. म्हणून पावलं मोजायची आणि चौकटी भरायच्या – खरं दार निळ्या पेन्सिलीनं, फसवं दार तांबड्या. दुपारी एक ते तीन. भांडी घासून झाली, सासूबाईंचा डोळा लागला की – म्हणजे भाऊजी काढायचे. नकाशा भाऊजी काढायचे.

भाऊजी कशाला भांडी घासतील? – तुम्ही फार बारकाईनं ऐकता.

बरं. ऐकलंच आहे तर नीट ऐका, अर्धवट ऐकलेलं मला आवडत नाही. भाऊजींनी मला चार कळा दाखवल्या – डावी, उजवी, वर, खाली – एवढंच. गंमत म्हणून दाखवल्या. "वैनी, बघा तर, लई मजा येतीय." त्यांना स्वतःला तिसऱ्या दालनाच्या पुढं कधी जाता आलं नाही. धीर नाही, दार दिसलं की धावायचं. मी धावत नसे. एकवीस वर्षं त्या घरात सून म्हणून वावरलेली बाई दारांकडे धावत नाही, कोणतं दार आपल्यासाठी आहे आणि कोणतं नुसतं रंगवलेलं, हे आधी पाहते. बाजारात जायचं तर सासूबाईंना विचारायचं, माहेरी जायचं तर ह्यांना विचारायचं, हे सासूबाईंना विचारणार – आणि इथं तो दाण्याएवढा माणूस, मी कळ दाबली की निघाला. कोणाला न विचारता. – मला त्याचं वेड लागलं होतं असं लिहू नका. मी फक्त काम पुरं करत होते.

बारा एप्रिल, मंगळवार, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. एक्क्याऐंशीवं दालन. माणूस बाहेर पडला. पडद्यावर आकाश आलं, निळं, आणि खाली अक्षरं – तुमचं नाव लिहा. मी किती वेळ बसले असेन? वीज कधीही जाईल, हे ठाऊक असून. सत्यभामा – इंग्रजीत दहा अक्षरं होतात, जागा होती. मग मनात आलं, पाच वाजता हे कचेरीतून येतील, भाऊजींचे मित्र येतील, आणि सुनेचं नाव बैठकीतल्या टीव्हीवर! मी 'सुग्रीव' लिहिलं. हे नीट टिपा – मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी नाही. माझ्याच बोटांनी लिहिलं.

भाऊजी आले, त्यांनी ज्ञानोबा फोटोवाल्याला बोलावून आणलं, फोटो निघाला, भाऊजींनी माझ्या वहीवरून आपल्या अक्षरात उतरवलेला नकाशा आणि फोटो मुंबईला, त्या मासिकाकडे गेले. ऑगस्टात छापून आला. मग शाळेनं त्यांना संगणकाचे मास्तर केलं, त्याच नावावर लग्न ठरलं, मग क्लास – तालुक्यातला पहिला. तेव्हा एकदा माझ्यापुढं येऊन उभे राहिले, "वैनी, तुमच्या पाया पडतो, कुटं बोलू नका." मी म्हटलं, नाही बोलणार. सोपं होतं. ह्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं. हे दोन हजार अकरा साली गेले; तेव्हापासून मी इथंच, भाऊजींच्या मागच्या दोन खोल्यांत. जेवण वेळेवर येतं. भाऊजींची मुलगी रोहिणी आता क्लास चालवते, गुणी आहे. तक्रार करायला जागा नाही, हीच एक अडचण.

आणि आता तू आलीस – तुम्ही आलात. राहू दे, तूच म्हणते, नातीच्या वयाची आहेस. तू पत्र काय लिहिलंस, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी रविवारी सत्कार काय ठरवला, आणि वर हे – जुन्या यंत्रावर, सगळ्यांसमोर, सरांनी तोच खेळ खेळून दाखवायचा! तो माणूस एकसष्ट वर्षांचा आहे. सोमवारी माझ्याकडे पेटी घेऊन आला, "वैनी, पुन्यांदा शिकवा." चार दुपारी बसलो आम्ही. तिसऱ्या दालनात मरतो. तिथंच, त्याच खड्ड्यात. नकाशाची वही माझ्या ट्रंकेत होती, ती उघडून समोर ठेवली, तरी मरतो. काल मी म्हटलं, सरका जरा. अडतीस वर्षांनी बसले बघ, आणि बोटं आपोआप चालली – चाळीस, पन्नास, साठ – डोळ्यांना धड दिसत नाही, पण बोटांना सगळी दारं पाठ. भाऊजी बघत राहिले. डोळ्यांत पाणी. आणि मग म्हणाले, "वैनी, रविवारी खरं सांगून टाकू का?"

सांगून टाकू *का*!

मला विचारलं. अगं, अडतीस वर्षं मी वाट पाहिली ती त्यांनी विचारावं म्हणून नाही. अशा वेळी विचारायचं नसतं, सांगायचं असतं. मला विचारल्यावर मी काय म्हणणार? रोहिणीचा क्लास, तिच्या पोरांची फी, भाऊजींचा मान – हे सगळं माझ्या पदरात टाकून वर माझीच परवानगी मागायची! मी म्हटलं, "नको." आणि त्यांना हायसं वाटलं. दिसलं मला. श्वास सुटलेला दिसला.

रडतेस कशाला? लिही. – नको, लिहू नकोस, ऐक फक्त. आज शुक्रवार, वीस फेब्रुवारी दोन हजार सव्वीस. पहाटे पाणी तापवायला बंब पेटवला, त्यात ती कॅसेट घातली, आणि वहीची पानं, एकेक. चांगली जळाली. यंत्र आता नुसती पेटी आहे. रविवारी भाऊजी सांगतील, कॅसेट खराब झाली, आणि लोक टाळ्या वाजवतील. तुझ्या त्या मोबाईलमध्ये खेळ असेल, पण माझ्या अक्षरातला नकाशा नाही. तू मी सांगितलेलं छापलंस तर मी म्हणेन, मला त्यातलं काही कळत नाही, सत्त्याहत्तर वर्षांची बाई आहे. आणि माझ्यावर सगळे विश्वास ठेवतील. प्रश्न मिटला.

फाटक वाजलं, भाऊजी आले वाटतं. डोळे पुसा. पुढच्या बैठकीत जाऊन बसा, तुम्ही त्यांना भेटायला आला आहात. आणि माझं हे दार जाताना ओढून घ्या – नाही, आतून लागत नाही ते. कडी बाहेरूनच घालावी लागते.