वैशालीचं नवं ग्राफिक्स कार्ड

वैशालीच्या नव्या ग्राफिक्स कार्डाचं काय झालं माहितीये का? वैशाली म्हणजे माझी बायको, ती घरांच्या इंटिरियरची चित्रं कॉम्प्युटरवर बनवते. जुन्या कार्डावर एका चित्राला तास लागायचा, नव्यावर ते पाच मिनिटांत व्हायला लागलं. आम्ही दोघंही खूश!

दुसऱ्याच दिवशी निफाडचं एक जोडपं आपल्या नव्या बंगल्याच्या किचनचं चित्र बघायला आलं. पूर्वी अशी माणसं चित्र होईपर्यंत चहाला जायची आणि परतताना रंग ठरवूनच यायची. हे दोघं मात्र खुर्चीवरून हलेचनात.

"अहो, हिरवा बघू ना."

"हिरवा नको. मॅडम, राखाडी करा."

"राखाडी कशाला? तुमच्या बहिणीकडं हाय म्हणून?"

चित्रांमागून चित्रं येत गेली, तसे आवाज चढत गेले. शेवटी बाई तणतणत बाहेर पडल्या आणि त्यांची पर्स घेऊन नवरा मागोमाग धावला.

संध्याकाळी बघतो तर वैशाली कॉम्प्युटर उघडून जुनं कार्ड बसवत होती.

"नवं बिघडलं का गं?"

"छे, मस्त चालतंय. पण उद्या ते दोघं परत येणारेत. मला त्यांचं किचन करायचंय, घटस्फोट नाही."